‘पिएरो’चा कार्यक्रम लावताना

संगीतकार शोनबर्गचं ‘पिएरो ल्युनेर’, म्हणजे एक गायिका आणि पाच वादकांनी सादर करायच्या जर्मन कविता, नाशिकला करायचं घाटत असेल, तर पहिल्यांदा सभागृहाच्या दिव्यांचं बोलून घ्या. मंचावरच्या नव्हे, प्रेक्षकांच्या डोक्यावरच्या. ते चालू राहिले पाहिजेत. मागच्या वेळी हेच राहून गेलं आणि लोक अर्थाची पत्रकं हातात धरून अंधारात जर्मन ऐकत बसले.

हॉल छोटाच घ्या, कालिदास कलामंदिरासारखं मोठं नाट्यगृह नको. गायिकेला इथे सूर धरून लगेच सोडायचा असतो, धड गाणं नाही आणि धड बोलणंही नाही. माईक लावलात की त्यातलं बारीक काम गेलंच. पंखे बंद. थंडीतली तारीख असेल तर वादकांना तासभर आधी आत आणून बसवा, गारठ्यात क्लॅरिनेटचा सूर उतरतो.

आता पत्रक. कविता 21, प्रत्येकीच्या ओळी 13. पहिल्या दोन ओळी सातव्या-आठव्या जागी परत येतात आणि पहिली पुन्हा अगदी शेवटी. मराठी करणाऱ्याला दर खेपेला नवा शब्द घालायची हौस येते, ती चालू देऊ नका. ओळ ऐकू येते तीच वाचायला मिळाली तर माणूस हरवत नाही. एक कविता दोन पानांवर तुटू देऊ नका. सातव्या गाण्यात आवाज आणि बासरी एवढंच आहे, त्यात शंभर जणांनी एकदम पान उलटलं तर काय ऐकू येणार? गुळगुळीत कागद नको, फार कुरकुरतो. टाइप मोठा. आणि हे सगळं करून दिवे घालवले तर छपाईचा खर्च पाण्यात. पडदा वर गेला की हॉल काळोखा करायचा, हे तिथल्या माणसाच्या हाताला बसलेलं असतं. नुसतं सांगून भागत नाही, बटणापाशी आपला माणूस उभा करा.

वादक पाच, वाद्यं आठ. बासरीवाला पिकोलो घेतो, क्लॅरिनेटवाला बास क्लॅरिनेट, व्हायोलिनवाला व्हायोला. दुसरं वाद्य ठेवायला प्रत्येकाशेजारी स्टँड हवा. खुर्चीवर ठेवलेल्या बासरीवर कोणीतरी बसतंच. बास क्लॅरिनेट कोण आणणार हे तारीख ठरवण्याआधी विचारा. चेलोवाल्याला बिनहाताची खुर्ची, खाली सतरंजी, नाहीतर चेलोची टोकदार दांडी गुळगुळीत फरशीवर घसरते. पियानो जागेवर ठेवून झाल्यावर ट्यूनिंग, आधी केलेलं हलवाहलवीत वाया जातं.

1912 साली बर्लिनला पहिल्या प्रयोगाआधी चाळीसेक तालमी झाल्या होत्या. तुम्हाला तेवढ्या मिळणार नाहीत, पण निदान एक तरी त्याच हॉलमध्ये घ्या. दिवे लावून.

बाकी नेहमीचंच. पाणी, चहा, मानधनाची पाकिटं. मुंबईच्या मंडळींना कार्यक्रम संपताच नाशिकरोडला सोडायला गाडी. पुण्याच्यांना रात्री मुक्काम द्या.