मेजर लीग सॉकरमधील करारांच्या बातम्या वाचताना या चुका टाळा

जुलै 2023 मध्ये लिओनेल मेसी इंटर मायामीकडून खेळू लागला आणि तोपर्यंत इंग्लंड-स्पेनच्या पलीकडे न पाहणारी अनेक मराठी मंडळी मेजर लीग सॉकर, म्हणजेच एमएलएस, पाहू लागली. भारतात पहाटेचा गजर लावून सामने पाहणारे आहेत, तसेच न्यू जर्सी, डॅलस किंवा शिकागोत राहून मुलाबाळांसह मैदानावर जाणारेही आहेत. या उत्साहाचा मला मनापासून आनंद वाटतो. मात्र एखादा परदेशी खेळाडू करारबद्ध झाल्याची किंवा संघात फेरबदल झाल्याची बातमी आली की दरवेळी त्याच त्या चुका कानावर पडतात, आणि त्यांचे मूळ बहुधा एकच असते. युरोपात क्लबची ऐपत आणि खेळाडूची मर्जी जुळली की व्यवहार बऱ्याच अंशी पार पडतो. अमेरिकेत खेळाडूचा करार थेट लीगशी होतो आणि त्याला संघाच्या यादीत कोणत्या प्रकारची जागा मिळणार हे नियमांनी ठरते. त्यामुळे बातमी वाचताना खेळाडू केवढ्याला आला याच्याआधी तो कोणत्या जागेवर आला हे पाहावे लागते.

पगाराचा आकडा थेट बजेटमध्ये धरणे

ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे आणि तिच्यातून बाकीचे अर्धे गैरसमज जन्माला येतात. खेळाडूंची संघटना वर्षातून दोनदा सर्वांचे पगार जाहीर करते. त्या यादीत 2024 साली मेसीची हमीची वार्षिक रक्कम 2 कोटी 4 लाख डॉलरहून अधिक होती. त्याच वर्षी एका क्लबचे पगाराचे बजेट 54 लाख 70 हजार डॉलर होते. हे दोन आकडे शेजारी ठेवून "मग नियम फक्त गरिबांसाठीच का?" असे विचारणारे मला दर हंगामात भेटतात. उत्तर 2007 सालच्या नियमात आहे. डेव्हिड बेकहॅम लॉस एंजेलिस गॅलक्सीत आला त्या वर्षी लीगने डेझिग्नेटेड प्लेअर, म्हणजे डीपी, ही जागा निर्माण केली. डीपीला कितीही पगार दिला तरी बजेटमध्ये त्याच्या नावावर ठरावीक कमाल रक्कमच पडते आणि वरचा सारा भार मालक उचलतो. 2024 मध्ये ही कमाल रक्कम 6,83,750 डॉलर होती, 2025 मध्ये ती 7,43,750 झाली.

आता 2025 चे गणित कागदावर मांडून पाहा. बजेट 59 लाख 50 हजार डॉलर, आणि ते यादीतील पहिल्या वीस खेळाडूंसाठी. तीन डीपी पूर्ण रकमेचे घेतले तर 22,31,250 डॉलर तिथेच संपतात. उरलेल्या सतरा जणांसाठी 37,18,750 डॉलर राहतात, म्हणजे सरासरी माणशी 2,18,750. अमेरिकी संघाच्या बचावफळीत अचानक एखादा अगदी नवखा तरुण का दिसतो, हे या एका भागाकारातून जेवढे समजते तेवढे तासभराच्या चर्चेतूनही समजत नाही. ही आकडेमोड अर्थातच लीगकडून मिळणाऱ्या वाटप रकमा मिळवण्याआधीची आहे. जनरल ॲलोकेशन मनी आणि टार्गेटेड ॲलोकेशन मनी, ज्यांना सगळे गॅम आणि टॅम म्हणतात, या रकमा वापरून क्लब एखाद्या खेळाडूचा बजेटवरचा भार कमी करतो.

ट्रान्सफर फी विसरणे, आणि मातुइदी प्रकरण

टॅमबद्दल बोलताना लोक पगार पाहतात आणि ट्रान्सफर फी विसरतात. समजा, एका खेळाडूचा पगार वर्षाला 9 लाख डॉलर आहे, त्याच्या जुन्या क्लबला 30 लाख डॉलर दिले आहेत आणि करार तीन वर्षांचा आहे. फी तीन वर्षांत विभागली की दरवर्षी 10 लाख होतात, म्हणजे त्याचा खरा वार्षिक खर्च 19 लाख डॉलर. 2025 मध्ये टॅम वापरून खाली आणता येणाऱ्या खेळाडूची मर्यादा 17,43,750 डॉलर होती. त्यामुळे पगार 10 लाखांच्या आत असूनही हा माणूस डीपीच ठरतो आणि क्लबकडे ती जागा रिकामी नसेल तर हा व्यवहार होऊच शकत नाही. "एवढा स्वस्त खेळाडू होता, तरी हातचा घालवला" अशी क्लबवर टीका करण्यापूर्वी हे गणित करण्याइतका धीर धरायला हवा.

ही सीमारेषा किती गंभीर आहे हे इंटर मायामीच्या पहिल्याच हंगामाने दाखवले. ऑगस्ट 2020 मध्ये क्लबने युव्हेंटसहून फ्रान्सचा विश्वविजेता मध्यरक्षक ब्लेझ मातुइदी याला आणले आणि तो टॅमच्या मर्यादेत बसत असल्याचे सांगितले. तेव्हा क्लबच्या तीनपैकी दोन डीपी जागा भरलेल्या होत्या, आणि तिसऱ्या जागेवर सप्टेंबरमध्ये गोन्झालो इग्वाइन आला. मातुइदीच्या दर्जाचा खेळाडू त्या रकमेत कसा आला, अशी शंका तेव्हाच अनेकांनी घेतली होती. नवीन प्रेक्षकांनी मात्र त्याला हुशार व्यवहार म्हणून डोक्यावर घेतले, आणि इतर क्लबांनी हेच का करू नये असा सूर लावला.

लीगने चौकशी केली तेव्हा मातुइदीशी आणि बचावपटू आंद्रेस रेयेस याच्याशी जादा मोबदल्याचे ठरलेले असूनही ते लीगला कळवले नव्हते, असे निष्पन्न झाले. दोघेही डीपी धरायला हवे होते, म्हणजे तीनची मुभा असताना क्लबकडे प्रत्यक्षात पाच डीपी होते. शिवाय आणखी तीन खेळाडूंच्या रकमा कमी दाखवलेल्या निघाल्या. मे 2021 मध्ये क्लबला 20 लाख डॉलर आणि मालक होर्हे मास यांना अडीच लाख डॉलर दंड झाला. तत्कालीन क्रीडा संचालक पॉल मॅकडोनो यांना 2022 चा हंगाम संपेपर्यंत निलंबित करण्यात आले. सर्वांत बोचणारी शिक्षा वेगळीच होती: 2022 आणि 2023 या दोन हंगामांच्या वाटप रकमेतून मिळून 22,71,250 डॉलर कापले गेले. वर केलेला भागाकार आठवला तर ही कपात संघबांधणीला कुठे लागते हे लगेच कळेल.

दंड जाहीर होण्याआधीच, 2021 च्या हंगामाच्या सुरुवातीला, क्लबला मातुइदीसाठी डीपी जागा मोकळी करावी लागली आणि त्यासाठी तरुण अर्जेंटिनी खेळाडू मातियास पेयेग्रिनी याचा करार पैसे देऊन संपवावा लागला. आडवाटेने केलेल्या एका करारापायी ज्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता अशा मुलाची जागा गेली, हे मला आजही खटकते. "नियमातून पळवाट काढा ना" असा सल्ला उत्साहाने देणाऱ्यांना मी नेहमी पेयेग्रिनीचे नाव सांगतो.

परदेशी कोण, हे राष्ट्रीय संघावरून ठरवणे

प्रत्येक क्लबला साधारण आठ आंतरराष्ट्रीय जागा मिळतात आणि त्या इतर क्लबांशी व्यवहार करून वाढवता किंवा विकता येतात. या जागेचा खेळाडूच्या जर्सीवरील देशाशी संबंध नाही. अमेरिकी नागरिक, ग्रीन कार्डधारक, तसेच निर्वासित किंवा आश्रय मिळालेला खेळाडू अमेरिकी क्लबसाठी देशी गणला जातो. हुलियान अराउहो कॅलिफोर्नियात जन्मला आणि मेक्सिकोकडून खेळतो, तरी गॅलक्सीत असताना त्याला आंतरराष्ट्रीय जागा लागत नव्हती. ज्यांच्या घरात कोणी ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षे उभे आहे, त्या न्यू जर्सीतील मराठी वाचकांना हा भाग चटकन समजतो. हंगामाच्या मध्यावर "अमुक खेळाडूला ग्रीन कार्ड मिळाले" अशी दोन ओळींची बातमी येते आणि लोक ती वाचून पुढे जातात. वास्तविक तिचा अर्थ असा की क्लबला एकही खेळाडू न सोडता आणखी एक परदेशी खेळाडू आणण्याची वाट मोकळी झाली. मी अशा बातमीची तारीख लगेच वहीत टिपून ठेवतो, कारण पुढच्या काही आठवड्यांत त्या क्लबकडून नव्या कराराची घोषणा होण्याची शक्यता बरीच वाढते.

टोरांटो, व्हँकुव्हर आणि माँट्रियल यांचे नियम थोडे वेगळे आहेत: तिथे अमेरिकी खेळाडूही देशीच धरले जातात, पण अमेरिकी क्लबात गेलेला प्रत्येक कॅनेडियन आपोआप देशी ठरत नाही.

घोषणा झाली म्हणजे शनिवारी खेळणार, असे धरून चालणे

आमच्या न्यू जर्सीतील ओळखीच्या एका कुटुंबाने पाहुण्या संघात नुकत्याच आलेल्या दक्षिण अमेरिकी खेळाडूला पाहण्यासाठी आठवडाभर आधी तिकिटे काढली. घोषणा झाली होती, गळ्यात क्लबचा स्कार्फ घातलेले छायाचित्रही आले होते, आणि धाकट्या मुलाने त्याच्या नावाची जर्सी हट्टाने मागवून घेतली होती. सामन्याच्या तासभर आधी संघ जाहीर झाला तेव्हा तो खेळाडू राखीव बाकावरही नव्हता. वडिलांनी स्टँडमधूनच मला फोन केला आणि दुखापत झाली का, असे विचारले. दुखापत काही नव्हती. मी क्लबचे प्रसिद्धिपत्रक उघडले, तर शेवटच्या परिच्छेदात सरळ लिहिले होते की पी-वन व्हिसा आणि आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर प्रमाणपत्र मिळाल्यानंतर खेळाडूचा संघात समावेश होईल. त्या कुटुंबाने वरचा मथळा वाचला होता, प्रशिक्षकांचे कौतुकाचे शब्द वाचले होते, आणि ही ओळ वाचायची तेवढी राहून गेली होती. मुलगा पूर्ण सामना जर्सी घालून बसला आणि घरी जाताना एक शब्द बोलला नाही, असे त्याच्या आईने नंतर सांगितले.

माझी पद्धत यावरून ठरली आहे: प्रसिद्धिपत्रक मी खालून वर वाचतो. शेवटी येणाऱ्या व्यवहाराच्या ओळीत बहुधा तीन गोष्टी असतात, म्हणजे खेळाडू कोणत्या जागेवर घेतला, तो आंतरराष्ट्रीय जागा घेणार का, आणि कोणती कागदपत्रे अजून यायची आहेत. या तीन गोष्टी कळल्या की वरचा कौतुकाचा मजकूर सावकाश वाचता येतो. परदेशातून येणाऱ्या खेळाडूसाठी तिकीट काढायचेच असेल तर मी घोषणेनंतरचे दोन-तीन सामने सोडून देतो. ज्यांना एवढी वाट पाहवत नाही त्यांनी निदान मुलांना तसे वचन देऊ नये.

काही लहान, पण वारंवार होणाऱ्या चुका

प्रत्येक क्लबकडे तीन डीपी असलेच पाहिजेत, असे मानू नये. 2024 च्या उन्हाळ्यापासून क्लब दोन रचनांतून एक निवडतो: तीन डीपी आणि 22 वर्षांखालील योजनेतील, म्हणजे बजेटवर कमी भार पडणारे, तीन तरुण खेळाडू, किंवा दोन डीपी, त्या योजनेतील चार खेळाडू आणि वर 20 लाख डॉलरपर्यंत गॅम. दुसरी रचना निवडणारा क्लब कंजूष असतोच असे नाही. पाच-सहा चांगले मध्यमफळीतील खेळाडू हवे असतील तर मला तीच जास्त शहाणपणाची वाटते.

तरुण डीपीचा बजेटवरचा भार फार कमी असतो, 20 वर्षांपर्यंत दीड लाख आणि 21 ते 23 वयात दोन लाख डॉलर. त्यामुळे जन्मतारीख पाहिल्याशिवाय गणित मांडू नये.

जो खेळाडू एखाद्या क्लबकडून कधी खेळलाच नाही त्याच्यासाठी त्या क्लबला पैसे का मिळाले, हा प्रश्न मार्को रॉइस 2024 मध्ये गॅलक्सीत आला तेव्हा सर्वांनी विचारला. त्याचे नाव शार्लट एफसीच्या डिस्कव्हरी यादीत, म्हणजे लीगबाहेरच्या हव्या असलेल्या खेळाडूंच्या क्लबने लीगकडे नोंदवलेल्या यादीत, होते आणि तो अग्रहक्क मिळवण्यासाठी गॅलक्सीने 4 लाख डॉलर गॅम दिले. क्लबांनी एकाच परदेशी खेळाडूसाठी आपसात बोली चढवू नये म्हणून ही यादी आहे. ती प्रेक्षकांना नीट दाखवली जात नाही हे मला पटत नाही, पण म्हणून शार्लटने लबाडी केली असे म्हणणे अन्यायाचे आहे.

लीगमधील क्लब एकमेकांना खेळाडूंसाठी केवळ गॅमच देतात, ही माहितीही आता जुनी झाली. 2025 पासून रोख रकमेचे व्यवहार सुरू झाले आणि त्याच फेब्रुवारीत एव्हान्डर पोर्टलंडहून सिनसिनाटीला सुमारे 1 कोटी 20 लाख डॉलरमध्ये गेला.

हंगामभराच्या दुखापतीच्या यादीत खेळाडू टाकला की संघातील जागा मोकळी होते, पण त्याची रक्कम बजेटमध्ये तशीच राहते. ही एक ओळ लक्षात ठेवली तर अर्धे वाद मिटतील.

शेवटी तारखांविषयी. 2025 मध्ये पहिली ट्रान्सफर विंडो, म्हणजे बाहेरून खेळाडू घेण्याची मुदत, 31 जानेवारी ते 23 एप्रिल आणि दुसरी 24 जुलै ते 21 ऑगस्ट अशी होती, आणि युरोपातील विंडो 1 सप्टेंबरपर्यंत उघडी असल्यामुळे ऑगस्टच्या अखेरीस "आता अमुक येणार" अशा अफवांना ऊत आला. त्या दिवसांत एमएलएस क्लब युरोपला खेळाडू विकू शकतो, पण तिथून कराराने बांधलेला खेळाडू आणू शकत नाही. विंडो बंद होण्याआधीच मोकळा झालेला खेळाडू मात्र संघ गोठवण्याच्या सप्टेंबरातील तारखेपर्यंत घेता येतो. लीगने आपला हंगाम जुलै 2027 पासून उन्हाळा ते वसंत असा करण्याचे ठरवले आहे, तेव्हा या तारखा पाठ करून ठेवण्यात अर्थ नाही. मी दर जानेवारीत लीगने जाहीर केलेल्या नव्या तारखा वहीच्या पहिल्या पानावर लिहितो आणि मागील वर्षाचे पान फाडून टाकतो.