फोटो एडिटिंगसाठी स्वस्तातला मॉनिटर घेताय? या चुका टाळा

मागच्या लग्नसराईत माझा एक अख्खा अल्बम काळपट छापून आला. नवरीचा हिरवा शालू जवळजवळ काळा, आणि मांडवातल्या मागच्या रांगेतली मंडळी अंधारात बुडालेली. मी तावातावाने लॅबवाल्याला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, ''दादा, मॉनिटरचा ब्राइटनेस कितीवर आहे?''

शंभरवर होता. खोक्यातून काढल्यापासून हातच लावला नव्हता.

नवा मॉनिटर घेणाऱ्यांपैकी बहुतेकांची पहिली चूक हीच. साधा मॉनिटर पूर्ण ब्राइटनेसला 250 ते 300 निट्स (पडद्याच्या उजेडाचं माप) उजेड फेकतो. प्रिंटशी जुळवायचं तर 80 ते 120 निट्स पुरे. पडदा असा भगभगत असला की फोटो उजळ वाटतो, आपण एक्स्पोजर खाली ओढतो, आणि कागद काही स्वतः उजेड देत नाही. मग प्रिंट काळी येणारच. मोजायचं यंत्र नसेल तर पडद्यावर कोरं पांढरं पान उघडा, शेजारी झेरॉक्सचा कोरा कागद धरा. पडदा ट्यूबलाइटसारखा वाटतोय तोवर ब्राइटनेस खाली आणत राहा. माझा 28 वर येऊन थांबला. पहिले दोन दिवस डोळ्यांना अंधारल्यासारखं होतं, नंतर सवय होते. आणि अख्खा अल्बम टाकण्याआधी त्यातलेच दोन-तीन फोटो छोट्या आकारात छापून बघा. पुन्हा अल्बम छापण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं.

आता खरेदीकडे. दुकानात 'गेमिंग' लिहिलेला, वक्र पडद्याचा मॉनिटर त्याच पैशात मिळतो आणि भुरळ घालतो. 144 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 144 वेळा चित्र बदलण्याचा, फोटोला काडीचा उपयोग नाही. स्वस्तातले वक्र पडदे बहुधा व्हीए पॅनलचे असतात (व्हीए, टीएन, आयपीएस हे पडद्याचे प्रकार). समोरून छान दिसतात, पण मान जरा कलली की सावलीतला तपशील बदलतो. शिवाय क्षितिज सरळ करताना पडद्याचाच बाक मध्ये येतो. टीएन पॅनलचं तर नाव काढू नका, त्यात कोन बदलला की रंगच बदलतात. सपाट आयपीएस घ्या, बाजूने बघितलं तरी त्याचे रंग फारसे बदलत नाहीत.

पण 'आयपीएस' वाचून लगेच पैसेही काढू नका. रंगांची टक्केवारी, म्हणजे ठरलेल्या रंगपट्ट्यातले किती रंग पडदा दाखवतो ते बघा, आणि ती कोणत्या पट्ट्याची आहे तेही बघा. एसआरजीबी म्हणजे वेबसाठी आणि साध्या पडद्यांसाठी नेहमी वापरला जाणारा रंगपट्टा. 'एनटीएससी 72%' आणि 'एसआरजीबी 99%' हे साधारण एकाच तोलाचे. एनटीएससी हे 1953 सालच्या अमेरिकन रंगीत टीव्हीचं माप, त्यामुळे आकडा लहान दिसतो. घात करतो तो 'एनटीएससी 45%' वाला. त्यात एसआरजीबीचे जेमतेम 60-65 टक्के रंग बसतात. अशा पडद्यावर कुंकू विटकं आणि हळद फिकी दिसते. आपण सॅच्युरेशन वाढवतो, आणि नवरदेवाच्या फोनवर हळदीचा फोटो उघडला की सगळं घर भगवं! बऱ्याच स्वस्त लॅपटॉपचे पडदे याच जातीचे असतात.

उलट टोकाला जाऊन ॲडोबी आरजीबीच्या, म्हणजे एसआरजीबीहून मोठ्या रंगपट्ट्याच्या, मागेही लागू नका. बहुतेक लॅब एसआरजीबी जेपेगच मागतात. 'एचडीआर' (खूप उजळ आणि खूप गडद भाग एकाच वेळी दाखवायची सोय) च्या स्टिकरलाही भुलू नका. 250 निट्सच्या पडद्यावर तो स्टिकर नुसता शोभेला.

आकाराचं गणित सोपं आहे. फुल एचडी (1920 बाय 1080 पिक्सेल) 24 इंचापर्यंतच. 27 इंचावर तेच पिक्सेल ताणले जातात आणि फोटो शार्प आहे की नाही तेच कळत नाही. 27 हवाच असेल तर 2560 बाय 1440 घ्या.

घरी आणल्यावर मेन्यूत शिरून पडद्याचा उजेड आपोआप कमी-जास्त करणारा डायनॅमिक कॉन्ट्रास्ट आणि डोळ्यांसाठी म्हणून दिलेला निळा प्रकाश गाळणारा मोड, दोन्ही बंद करा. रात्री पडदा पिवळसर करणारी विंडोजची नाइट लाइटसुद्धा. मी एकदा रात्री दीड वाजेपर्यंत ती चालू ठेवूनच त्वचेचे रंग दुरुस्त केले. सकाळी सगळे वऱ्हाडी निळे. 'एसआरजीबी' मोड असेल तर तो लावा, पण काही मॉनिटरमध्ये त्या मोडात ब्राइटनेस हलवताच येत नाही. घेण्याआधी दुकानातच रिमोट किंवा बटण हातात घेऊन तपासा.

एचडीएमआयने जोडल्यावर काळा रंग राखाडी आणि सगळा फोटो धुरकट दिसत असेल, तर मॉनिटर परत करायला धावू नका. ग्राफिक्स कार्ड त्याला टीव्ही समजून काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या पातळ्या 16 ते 235 एवढ्यातच पाठवत असेल. ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये जाऊन 'फुल', म्हणजे 0 ते 255, करा.

राहिला कॅलिब्रेटर, म्हणजे पडद्याचे रंग मोजून जुळवायचं यंत्र. एकट्याने घ्यायला महागच. आम्ही चौघांनी वर्गणी काढून एक घेतला. तो दर महिन्याला या स्टुडिओतून त्या स्टुडिओत फिरतो, आणि तो घेऊन येणाऱ्याला चहा-वडापाव ठरलेला.