कोरड्या डोळ्यांसाठी चिनी उपाय

स्क्रीन बघून डोळे चुरचुरतात? चीनमधल्या शाळांत मुलांकडून करून घेतात तसा हा व्यायाम करून बघा.

१. लेन्स काढा, हात धुवा, डोळे मिटा.

२. भुवईच्या नाकाकडच्या टोकाला छोटी खाच बोटाला लागते. तिथे अंगठ्याने मिनिटभर हलकेच दाबा. मला सर्वांत आराम इथेच पडतो.

३. डोळ्याच्या बाहुलीच्या सरळ खाली, गालाच्या हाडावर बोट गोल फिरवा. बुबुळावर दाब नको.

सोबत तिथला घरगुती चहा: वाळलेली शेवंती आणि चमचाभर गोजी बेरी (छोटी लाल सुकवलेली फळं), कपभर गरम पाण्यात. हारवाल्याकडची शेवंती मुळीच नको, फवारणी केलेली असते; चहासाठी विकतात तीच घ्या.

वॉरफरिन (रक्त पातळ करणारं औषध) चालू असेल तर गोजी टाळा. डोळे लाल होऊन दुखत असतील तर आधी डॉक्टर गाठा.