कासचं पठार कापडावर: लोकर, टाके आणि मणी वापरून भिंतीवरचं कापडचित्र कसं करावं

कापडचित्र सजवायला घेतलं की हात आधी मण्यांच्या डबीकडे जातो. मणी चमकतात, चार टाक्यांत काहीतरी झाल्यासारखं वाटतं. पण मणी आधी लावले की पुढचं सगळं अडतं. कापड ताणून धरणारी गोल रिंग बसत नाही, धागा टाक्याटाक्याला मण्यात गुंततो, इस्त्री फिरवता येत नाही. म्हणून या कामाचा क्रम मी ठाम धरते: आधी कापड, त्यावर जाडेभरडे धागे, मग भरतकाम आणि सगळ्यांत शेवटी मणी. हा क्रम पाळला तर नवख्या हातानेही नीटनेटकं काम होतं.

उदाहरणाला कास पठार घेऊ. साताऱ्याजवळचं हे पठार २०१२ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून जाहीर केलेल्या पश्चिम घाटातल्या ठिकाणांपैकी एक. जांभ्या खडकावर मातीचा थर अगदी पातळ, त्यामुळे तिथली बहुतेक फुलझाडं बुटकी, जमिनीलगतची. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत ती पट्ट्यापट्ट्यांनी फुलतात. भरतकामाला हे दृश्य फार सोयीचं आहे. खाली खरबरीत तांबूस खडक, मध्ये बारीक फुलांचे पट्टे, वर ढगाळ आभाळ. खडबडीत, नाजूक आणि सपाट अशा तीन पोतांची जागा निसर्गानेच ठरवून दिलेली आहे.

कापडाचा पाया

तयार चित्र ३० × ४० सेंमीचं धरू. पायाला ४५ × ५५ सेंमी मांजरपाट घ्या. चारी बाजूंचं जादा कापड शेवटी मागे दुमडायला लागतं, शिवाय दाट भरतकामाने कापड थोडं आक्रसतं, त्यामुळे इथे काटकसर करू नका. मांजरपाट कोमट पाण्यात दोनदा धुवा, म्हणजे खळ निघून जाईल आणि जे आटायचं ते आधीच आटेल.

वरच्या थराला जुन्या सुती साडीचे तुकडे सर्वांत चांगले. धुऊन धुऊन मऊ झालेल्या कापडात सुई सहज जाते आणि त्याचे रंगही निवळलेले असतात. आभाळाला राखाडी किंवा फिकट निळं, मधल्या पट्ट्याला हिरवं, खडकाला विटकरी किंवा काळपट तपकिरी. खडकाखाली कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या खणाचा तुकडा लावला तर त्याची बारीक नक्षी लोकरीच्या मधून डोकावते आणि खडकावर शेवाळाचे ठिपके असल्यासारखी दिसते. खणाच्या कडा मात्र पटकन उसवतात, त्या आत दुमडूनच लावा.

तुकडे लांबून जवळ असे ठेवत या. आधी आभाळ, त्याच्या खालच्या कडेवर हिरवं, हिरव्यावर खडक. क्षितिजाची कडा अर्धा सेंमी आत दुमडून बारीक तुरपाई करा. खडकाची कडा तशीच फाटकी राहू द्या, ती नंतर लोकरीखाली जाणार आहे. मग सगळ्या थरांना कच्चे टाके घाला, पण मध्यापासून कडांकडे. एका कडेने सुरुवात केली तर सुरकुत्या ढकलत ढकलत दुसऱ्या कडेला जमा होतात.

रंग जातो का, हे आत्ताच पाहा. ओल्या पांढऱ्या कापडाने तुकडा आणि धागा दोन्ही दाबून पुसा. लाल, मरून आणि गडद निळ्यावर जास्त लक्ष ठेवा. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो असं सांगितलं जातं, पण बाजारातल्या रंगवलेल्या धाग्याला त्याचा भरवसा धरू नये. रंग सोडणारा धागा या कामातून सरळ बाजूला काढा.

आता आभाळ. इथे गोधडीचा साधा धावदोरा पुरतो. राखाडी धाग्याचे दोन पदर घेऊन तिरक्या ओळी घाला, ओळींमध्ये साधारण एक सेंमी अंतर. पावसाच्या सरी दिसतात आणि दोन्ही थर एकमेकांना पक्के धरले जातात. गोधडीतला टाका मला एवढा प्रिय आहे तो यासाठीच. तो शोभेचाही आणि कामाचाही. या आभाळात दुसरं काही भरू नका. ढग नको, पक्षी नको, चमकी तर नकोच. वरचा हा एकतृतीयांश भाग शांत राहिला तरच खालचा खडबडीतपणा उठून दिसतो.

आखणी थोडकी करा. क्षितिज, खडकाचा उंचसखल माथा आणि फुलांमधून जाणारी एक ओलसर घळ, एवढ्या तीन रेषा बस्स. गडद कापडावर अंगाच्या साबणाची वाळलेली चिपटी शिंप्याच्या खडूइतकीच छान चालते. पाण्याने पुसला जाणारा पेन वापरलात तर खूण धुऊन काढेपर्यंत इस्त्री लावू नका. उष्णतेने तो रंग कायमचा बसू शकतो.

खडक: लोकर, सुतळी, चिंध्या

इथे वेळ द्या. चित्राचं वजन याच भागावर आहे.

दख्खनी मेंढीच्या लोकरीचा धागा मिळाला तर त्याच्यासारखं काही नाही. काळा, राखाडी, तपकिरी असे त्याचे मूळचे रंग जांभ्याच्या सावल्यांना अचूक लागतात आणि तो मुळातच राठ असतो. घोंगड्या विणणाऱ्यांकडे उरलेलं सूत मागून पाहा. घोंगडीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ देतात. तसा खळ दिलेला धागा ताठ असतो, पण खडकाला तो ताठपणा हवाच आहे. स्वेटरची गुळगुळीत ॲक्रिलिक लोकर इथे टाळा, तिच्यात दगडपणा येत नाही.

सुतळी आणायची तर ती आधी कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून, धुऊन, उन्हात खडखडीत वाळवा. ताग कातताना त्याला तेल लावलेलं असतं. वास त्याचाच असतो आणि पुढे कापडावर डागही त्याचाच पडतो. वाळल्यावर सुतळीचा पीळ उलगडा, पदर मोकळे करा. मोकळे पदर पिळाच्या सुतळीपेक्षा कितीतरी नैसर्गिक दिसतात.

असे जाड धागे सुईत ओवून कापडातून ओढू नयेत. कापड फाटतं, धागाही पिंजतो. ते कापडावर ठेवायचे आणि दुसऱ्या बारीक धाग्याने वरून बांधायचे. याला कौचिंग म्हणतात. कृती सोपी आहे:

१. लोकर खडकाच्या माथ्यावर हवी तशी नागमोडी ठेवा. डाव्या अंगठ्याने धरा.

२. त्याच रंगाच्या शिलाईच्या दोऱ्याने खालून सुई वर काढा, लोकरीवरून आडवा छोटा टाका घेऊन जवळजवळ त्याच भोकात खाली घाला.

३. पाच ते आठ मिलिमीटरवर पुढचा टाका. सरळ जागी अंतर थोडं वाढवा, वळणावर कमी करा.

४. टाका आवळू नका. लोकर दबली की तिचा फुगीरपणा गेला.

५. टोकं मोठ्या नेढ्याच्या, अणकुचीदार सुईने मागे न्या आणि मागच्या बाजूला चार टाक्यांनी दाबून टाका. टोक फारच जाड असेल तर आधी त्याचे काही तंतू कापून ते निमुळतं करा.

ओळी एकमेकींना चिकटून घालू नका. मध्ये मध्ये खालचं कापड दिसू द्या, काही जागी दोन ओळी एकावर एक चढवा. खडकाच्या खालच्या भागात गडद, माथ्यावर फिकट. भेगांसाठी साडीच्या काठाच्या बोटभर रुंद चिंध्या घ्या. चिंधी कात्रीने न कापता हाताने फाडा, कडेला आपोआप बारीक दशा निघतात. तिच्या मधोमध धावदोरा घालून दोरा ओढा, चुण्या पडतील. ही चुणीदार पट्टी भेगेत बसवा.

दशांचा आणखी एक उपयोग आहे. हिरव्या कापडाची तीन सेंमी रुंद पट्टी घ्या आणि लांबीच्या दिशेने जाणारे धागे एक एक करून काढत जा. एका कडेला अर्धा सेंमी कापड शाबूत ठेवा. जी झालर उरते ते पायथ्याचं गवत. शाबूत कडा खाली ठेवून पट्टी शिवा, पुढच्या पट्टीने मागचीची शिवण झाका. दोन पट्ट्या पुरे आहेत, तिसरीने झुडूप होतं.

फुलं: टाके निवडताना

धागा हातभरच घ्या, साधारण ४५ सेंमी. लांब धागा प्रत्येक ओढीला कापडाशी घासून पिंजतो. अँकर कंपनीची भरतकामाच्या धाग्याची लडी सहा पदरांची आणि ८ मीटरची असते. लागतील तेवढे पदर एकेक करून वेगळे ओढा आणि मग परत एकत्र करा. असे सुटे केलेले पदर कापडावर जास्त भरीव बसतात. दोन-तीन पदरांना भरतकामाची ७ किंवा ८ नंबरची सुई चालते, एका पदराला ९ किंवा १०. नंबर वाढतो तशी सुई बारीक होते.

लांबचं आणि जवळचं यांतला फरक पदरांनी दाखवायचा. क्षितिजालगत एका पदराचे, फिकट रंगाचे, नुसते ठिपक्याएवढे टाके. मध्ये दोन पदर. अगदी पुढे तीन पदर किंवा ८ नंबरचं पर्ल कॉटन, म्हणजे पदर सुटे न होणारा पिळाचा धागा. सगळीकडे सारखाच जाड धागा वापरला की पठार सपाट होऊन जातं.

गवतापासून सुरुवात करा. लहानमोठे सरळ टाके, सगळे एकाच बाजूला थोडे झुकलेले, कारण पठारावर वारा असतो. हिरव्याच्या तीन छटा सुईत एकत्र ओवून पाहा, फार सुरेख मिसळतात.

*गेंद.* बारीक दांडीवर पांढरा गोल गोंडा. याला गाठीचा टाकाच हवा. सुईला धागा एकदाच गुंडाळा, डाव्या हाताने तो ताणून धरा आणि सुई जिथून वर आली तिथून कापडाचे एक-दोन धागे सोडून खाली घाला. त्याच भोकात घातली तर गाठ मागे निसटते. गाठ मोठी हवी असेल तर वेढे न वाढवता पदर वाढवा, तीन वेढ्यांची गाठ लोंबते. गेंद घोळक्याने उगवतो, म्हणून गाठीही घोळक्याने घाला. पांढऱ्यात थोडा मोतिया आणि फिकट राखाडी मिसळा.

*सोनकी.* पिवळी, पाकळ्यांची. सुट्या साखळीचा टाका, म्हणजे लेझी डेझी. पुढच्या पाचसहा फुलांनाच पूर्ण पाकळ्या दाखवा, मागच्यांना पिवळे आखूड टाके पुरतात.

*तेरडा.* गुलाबी. एका बिंदूतून निघणारे दोन-तीन आखूड टाके, पसरट. तेरड्याचा पट्टा सलग आणि मोठा असतो, तेव्हा इथे फुलं मोजत बसू नका. रंगाचा पट्टा उमटला पाहिजे.

*सीतेची आसवं.* ही आत्ता भरायची नाहीत. त्यांची जागा ओलसर घळीत मोकळी ठेवा.

मागच्या बाजूला एका फुलावरून दुसऱ्या फुलावर लांब उड्या मारू नका. दोन-अडीच सेंमीपेक्षा अंतर असेल तर धागा तोडा. लांब दोऱ्याने कापड ओढलं जातं, आणि फिकट कापडामागे गडद दोरा पुढून दिसतो.

रिंग वापरत असाल तर आतल्या रिंगेला सुती पट्टी गुंडाळा, पकड चांगली बसते आणि वळ कमी पडतात. काम थांबवताना रिंग काढून ठेवा. लोकरीवर किंवा गाठींवर ती चढवू नका. त्यापेक्षा लाकडी चौकटीवर कापड टाचण्यांनी ताणून बसणं केव्हाही चांगलं.

मणी, अगदी शेवटी

सीतेची आसवं ही किडे खाणारी इवली वनस्पती, तिची निळसर जांभळी फुलं ओलाव्याच्या जागी दाटीने येतात. काचेचे ११ नंबरचे बारीक मणी, साधारण दोन मिलिमीटरचे, त्यांना नेमके लागतात. पुण्यात रविवार पेठेत, मुंबईत भुलेश्वरला असे मणी सुटे मिळतात. निळा आणि जांभळा यांच्या तीन छटा घ्या. एकाच छटेचे मणी प्लास्टिकसारखे दिसतात, मग ते काचेचे का असेनात.

घरी आणल्यावर चार मणी ओल्या कापसात रात्रभर ठेवा. कापूस रंगला तर ते परत करा.

मण्यांना सुती धागा नको. काचेच्या कडेने तो हळूहळू कापला जातो. पॉलिएस्टरचा दोरा दुहेरी घ्या आणि १० नंबरची मणी ओवायची सुई. मणी ताटलीत न ठेवता फडक्यावर पसरा, घरंगळत नाहीत. सुई वर काढा, मणी घ्या, मण्याच्याच लांबीवर खाली घाला, परत त्याच मण्यातून एकदा फिरवा. दर पाचसहा मण्यांनंतर मागे एक गाठ मारा. मग एखादा तुटला तर सगळी ओळ सांडत नाही.

घळीत मणी दाट, कडेला विरळ, आणि दोन-तीन एकटे भरकटलेले. याशिवाय गवताच्या टोकांवर पारदर्शक मणी दवासारखे, पण मोजके. मन भरलं असं वाटायच्या थोडं आधी थांबा. खडकावर एकही मणी लावू नका. टिकल्या, आरसे, कवड्या बंजारा कामात देखण्या दिसतात कारण तिथे सगळं कापडच त्या लयीत भरलेलं असतं. इथे त्या परक्या वाटतील.

ताणणं, टांगणं, जपणं

कच्चे टाके काढा. जाड टॉवेलवर चित्र पालथं घाला आणि मागून हलकी इस्त्री करा. प्लास्टिकचे मोती असतील तर त्या जागी इस्त्री अजिबात नको, त्यांचा मुलामा निघतो. मग ३० × ४० सेंमीच्या जाड पुठ्ठ्यावर कापड ठेवून कडा मागे दुमडा आणि मजबूत दोऱ्याने समोरासमोरच्या कडा नाडीसारख्या ओढून बांधा. आधी लांब बाजू, मग आखूड. गोंद लावू नका. तो पुढे पिवळा पडतो आणि चित्र कधी सोडवावं लागलं तर सुटत नाही.

काचेची चौकट करणार असाल तर काच आणि कापड यांमध्ये पट्टी घालून अंतर ठेवायला सांगा, नाहीतर मणी काचेला टेकतात आणि लोकर दबते. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीवर हे टांगू नये, थेट उन्हातही नको. उघडं ठेवलं असेल तर वर्षातून एकदोनदा धूळ काढावी लागते. व्हॅक्युम क्लीनरच्या तोंडाला पातळ जाळीचं कापड रबरने बांधा, कमी वेगावर ठेवा आणि चित्रापासून बोटभर अंतरावरून फिरवा. सैल झालेला एखादा मणी जाळीवर सापडला तर तो त्याच दिवशी परत लावून टाका.