तुटलेला मॅनिफोल्ड स्टड काढण्याआधी त्याची मोड वाचा

धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग एकत्र येतात, आणि येथून मालाने भरलेली गाडी उत्तरेला निघाली तर बिजासन आणि पश्चिमेला निघाली तर कोंडाईबारी घाट तिच्या वाटेत असतो. चढावर पूर्ण भाराने चालणाऱ्या डिझेल इंजिनाच्या एक्झॉस्टचे तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते, त्यामुळे या पट्ट्यातील गॅरेजांत काम शिकायला येणाऱ्या मुलाच्या वाट्याला मॅनिफोल्डचे, म्हणजे सिलिंडरांतला धूर गोळा करणाऱ्या नळीचे, तुटलेले स्टड (तिला इंजिनावर आवळून धरणाऱ्या आट्यांच्या सळया) फार लवकर येतात. आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेलचा एक वर्षाचा अभ्यासक्रम ज्याने केला आहे, त्याला टॅप, ड्रिल आणि टॉर्क पाना यांची ओळख असते, म्हणून त्यांविषयी मी येथे लिहीत नाही. जे मला कोणी आधी सांगितले नाही आणि ज्यापायी उमेदीच्या काळात मी पुष्कळ मनस्ताप सोसला, तेवढेच सविस्तर लिहितो.

कोणतेही हत्यार हातात घेण्यापूर्वी एक प्रश्न विचारायचा असतो : हा स्टड गाडी चालताना आपोआप तुटला की कोणीतरी पान्याने खोलताना तोडला? वरवर दोन्ही सारखेच दिसतात, परंतु ही दोन वेगवेगळी कामे आहेत.

आपोआप तुटणाऱ्या स्टडचे कारण असे आहे. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, तापले की दर १०० अंशांमागे एका मीटरला साधारण १ मिलिमीटर वाढते. हेडला, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाला, पाण्याचे कूलिंग असते, मॅनिफोल्डला नसते, त्यामुळे घाटात मॅनिफोल्ड हेडपेक्षा सहज ३००-४०० अंशांनी अधिक तापतो. सहा सिलिंडरी इंजिनाचा अखंड मॅनिफोल्ड पाऊण मीटर लांबीचा धरला, तरी तो हेडच्या तुलनेत दोन-तीन मिलिमीटर वाढू पाहतो, आणि ही वाढ दोन्ही टोकांना जाऊन तेथील स्टडला आडवी ढकलते. म्हणूनच पहिल्या आणि शेवटच्या सिलिंडरचे स्टड आधी जातात, आणि म्हणूनच अनेक मोठ्या इंजिनांचे मॅनिफोल्ड दोन-तीन तुकड्यांत, सरकत्या जोडाचे बनवतात. अशा रीतीने थकून तुटलेल्या स्टडचा आत उरलेला तुकडा पुष्कळदा आट्यांत फारसा जाम झालेला नसतो; तो आडव्या रेट्याने तुटलेला असतो, पिळून नव्हे. याउलट पान्याने फिरवताना जो तुटला, त्याने आपण पूर्ण जाम आहोत हे स्वतःच सांगितलेले असते, कारण आट्यांची पकड स्टडच्या पोलादाहून बळकट ठरली तेव्हाच तो तुटला.

हे ओळखायचे कसे? बॅटरीच्या उजेडात तुटलेला भाग जवळून पाहा. थकून तुटलेल्या स्टडच्या मोडीवर, म्हणजे तुटलेल्या तोंडावर, मोठा भाग गुळगुळीत, काळपट किंवा तांबूस असतो, कारण ती चीर हळूहळू वाढत गेली आणि तिच्यात काजळी व गंज शिरला. एका कडेला मात्र खरखरीत, उजळ दाण्यांचा लहानसा भाग दिसतो, तो शेवटच्या क्षणी तुटलेला असतो. पान्याने तुटलेल्याची मोड सगळीकडून ताजी, उजळ आणि गोल पिळलेली दिसते. गाडी आधी दुसऱ्या गॅरेजात जाऊन आली असेल, तर चालकाला आदराने विचारून घ्या. ‘दादा, याआधी कोणी हात लावला होता का?’ या प्रश्नाला खरे उत्तर मिळाले तर अर्धा दिवस वाचतो.

थकून तुटलेला आणि थोडासा बाहेर राहिलेला तुकडा घाबरण्यासारखा नाही. तारेच्या ब्रशने तो साफ करावा, गंज सोडवणारे तेल आदल्या रात्री आणि पुन्हा सकाळी सोडावे, आणि लॉकिंग प्लायर किंवा स्टड काढायचा पाना लावून आधी किंचित घट्ट करण्याच्या दिशेने दाब द्यावा. गंजाची पहिली पकड ज्या दिशेने सुटेल त्या दिशेने सुटू द्यावी. तुकडा पाव फेरा फिरला की लगेच ओढत सुटू नये. पुन्हा तेल, पुन्हा मागे, पुन्हा पुढे. आट्यांतून तांबूस भुकटी तेलाबरोबर बाहेर येऊ लागली की काम योग्य चालले आहे असे समजा.

तुकडा हेडच्या पातळीला किंवा थोडा आत तुटलेला असेल, किंवा पान्याने तोडलेला असेल, तर माझे मत ठाम आहे : पहिला उपाय वेल्डिंगचा. तुकड्यावर वॉशर ठेवून त्याच्या भोकातून आधी वॉशर तुकड्याला जोडावा, मग त्यावर नट ठेवून आतून भरावा. मिग वेल्डिंग असेल तर उत्तम, नसेल तर २.५ मिलिमीटरचा लो-हायड्रोजन रॉड चालतो. येथे खरे काम जोडापेक्षा उष्णता करते. तापलेला तुकडा फुगू पाहतो, भोवतालचे थंड बीड त्याला फुगू देत नाही, त्यामुळे तो दाबला जातो. थंड झाल्यावर तो किंचित आक्रसतो आणि आट्यांमधील गंजाचा थर तडकतो. म्हणून नट लाल असताना फिरवू नका, त्या वेळी धातू मऊ असतो आणि जोड पिळून निघतो. लाली जाऊन नट काळा पडेपर्यंत, आणि त्यानंतरही थोडा वेळ थांबा. मग मेणबत्तीचे मेण आट्यांच्या कडेला टेकवा. ते वितळून आत ओढले जाते. नट तुटून हातात आला तर निराश होऊ नका, दुसरा जोडा. प्रत्येक तापण्या-निवण्याबरोबर पकड सैल होत जाते, आणि चौथ्या-पाचव्या नटाला निघालेले स्टड मी पुष्कळ पाहिले आहेत.

वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा सोडवा. बीएस-६ गाडीचे, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या नियमाच्या गाडीचे, ईसीएमचे (इंजिनाचे नियंत्रण करणाऱ्या संगणकाचे) कनेक्टरही काढा. अर्थिंगचा चिमटा चासीला न लावता हेडवर, कामाच्या जागेजवळ लावा. तेल, डिझेल पुसून घ्या. ब्रेक क्लीनर मारून त्याच जागी वेल्डिंग मुळीच करू नका, क्लोरिनयुक्त क्लीनर तापला तर त्यापासून विषारी वायू तयार होतो. एक्झॉस्टच्या उघड्या तोंडांत कापड कोंबा आणि त्या कापडांची मोजदाद ठेवा, कारण लोखंडाचा एक कण टर्बोत गेला तरी त्याचे पाते जाते.

आता ईझी-आउटविषयी. तुटलेल्या तुकड्याला भोक पाडून त्यात उलट्या आट्यांची ही निमुळती सळई ठोकायची आणि उलटे फिरवून तुकडा बाहेर काढायचा, ही कल्पना इतकी सोपी वाटते की नवा मुलगा सर्वांत आधी तिच्याकडेच वळतो. मीही तसाच वळलो होतो, आणि ज्या कामात हेड उतरवण्याची गरज नव्हती तेथे ते उतरवावे लागले. म्हणून याचा हिशेब नीट समजून घ्या. गोल सळईचा व्यास निम्मा केला की तिची पीळ सोसण्याची ताकद आठव्या हिश्शावर येते. ८ मिलिमीटरचा स्टड पान्याच्या ज्या जोराने तुटला, तोच जोर किंवा त्याहून अधिक जोर तुम्ही आता त्याच्या पोटात मावणाऱ्या बारीक सळईकडून मागत आहात. तिचे पोलाद स्टडपेक्षा पुष्कळ कठीण असले, तरी ही तूट त्याने भरून निघत नाही. त्यातच ती निमुळती असल्याने जितकी आत शिरते तितकी तुकड्याची पातळ भिंत बाहेर रेटते, म्हणजे जो तुकडा सैल करायचा तोच आट्यांत अधिक घट्ट बसतो. आणि कठीण पोलाद वाकून सूचना देत नाही, ते थेट तुटते. तुटल्यावर भोकात असा धातू उरतो, ज्यावर नेहमीच्या एचएसएस (हाय-स्पीड स्टीलच्या) ड्रिलचा ओरखडाही उठत नाही. मग कार्बाइडचे बुर, एमआयडीसीतील स्पार्क इरोजनचे (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणारे) मशीन किंवा हेड उतरवणे, एवढेच मार्ग राहतात.

ईझी-आउट पूर्ण निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. थकून तुटलेल्या, सैल असलेल्या तुकड्याला ते सुखाने काढते. पान्याने तुटलेल्या तुकड्याला ते कधीही लावू नये. सुरुवातीला सांगितलेली मोड वाचायची ती याचसाठी.

येथे घाईविषयी बोलले पाहिजे. रावेर-सावद्याकडून केळी भरून उत्तरेकडे निघालेली गाडी दारात उभी असते, वर मे महिन्याचे ४४ अंशांचे ऊन असते, आणि माल पिकत चालल्याने चालकाचा जीव टांगणीला लागलेला असतो. त्याची घाई खरी असते, तिचा राग मानू नये. परंतु अशा वेळी ‘दे ठोकून ईझी-आउट’ म्हणणारा मिस्त्री तुमचा गुरू होऊ शकत नाही. ज्याच्या पेटीत धार लावलेले ड्रिल आणि टोकदार सेंटर पंच असतात, जो पहिला पाव फेरा तुमच्या हाताने फिरवून घेतो आणि पकड सुटतानाची थरथर तुम्हाला जाणवू देतो, त्याच्याकडे पगार थोडा कमी मिळाला तरी राहा. सिलिकॉन लावून फुंकर, म्हणजे जोडातून गळणारा धूर, बंद करून देणाऱ्याकडे तर राहूच नका. एक्झॉस्टच्या तापमानाला ते सिलिकॉन टिकत नाही.

वेल्डिंगनेही हार मानली तर ड्रिलिंग उरते. मोड कधीच सपाट नसते आणि स्टडचे पोलाद भोवतालच्या बिडापेक्षा कठीण असते, त्यामुळे ड्रिल उतारावरून घसरून मऊ बिडात शिरते. म्हणून आधी डाय ग्राइंडरने मोड सपाट करा. त्यानंतर लेथवर एक बुश करून घ्या, ज्याचा बाहेरचा व्यास मॅनिफोल्डच्या भोकात बसेल आणि आतले भोक ३ मिलिमीटरचे असेल. धुळ्याजवळच्या अवधानच्या किंवा जळगावच्या एमआयडीसीत असा बुश करून देणारा लेथवाला सहज सापडतो. मॅनिफोल्ड शाबूत स्टडवर बसवून त्याच्या भोकातून या बुशमधून ड्रिल केले की मध्य चुकत नाही. मिळाल्यास डाव्या फिरकीचा ड्रिल वापरा, कित्येकदा तुकडा त्याच्याबरोबरच बाहेर येतो. ड्रिलवर चिकटपट्टीने खोलीची खूण करा, कारण काही हेडमध्ये हे भोक पाण्याच्या जाकिटात उघडते. ८ मिलिमीटरच्या, १.२५ पिचच्या आट्यासाठी टॅपचे भोक ६.८ मिलिमीटरचे असते, ६.५ पर्यंत टप्प्याटप्प्याने जा, उरलेली पातळ साल टोकदार सळईने आत मोडून काढा आणि मग टॅप फिरवा. आटे गेलेच तर ८.३ मिलिमीटरचे भोक करून हेलिकॉइल (तारेच्या वेटोळ्याचे नवे आटे) बसवता येते, आणि नीट बसवलेले हेलिकॉइल मूळच्या आट्यांइतके टिकते. त्यात कमीपणा काही नाही.

नवे स्टड बसवण्यापूर्वी मॅनिफोल्डच्या तोंडावर सरळ पट्टी ठेवून फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घालून पाहा. तो वाकडा झाला असेल तर त्याचे तोंड मशीनवर सपाट करून घ्या, नाहीतर नट आवळतानाच नव्या स्टडवर ताण येतो. आट्यांना निकेलचे अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारा लेप) लावा, नट मधून टोकांकडे आवळत जा आणि टॉर्क त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधूनच घ्या. गाडी सोडण्यापूर्वी सायलेन्सरचे हँगर आणि टर्बोचा आधार हाताने हलवून तपासा. त्यांपैकी एखादा तुटलेला असेल तर पाइपाचे सगळे वजन मॅनिफोल्डवर लटकते, आणि पुढच्याच घाटात तोच स्टड पुन्हा तुटतो.