संगीत नाटक पडद्यावर न्यायचं असेल तर आधी आवाज सांभाळा

'सौभद्र' या संगीत नाटकाचा प्रयोग टिपून आम्ही तो सिनेमाच्या थिएटरात दाखवला, त्याच्या पहिल्या खेळाच्या मध्यंतरात तिसऱ्या रांगेत कडेला बसलेल्या एका आजोबांनी माझा हात धरला. "भाऊ, बाई आठे गाणं म्हनस आन आवाज तठेन कसा येस?" मी त्यांच्या खुर्चीवर बसून पाहिलं. सुभद्रा पडद्याच्या मधोमध उभी होती आणि तिचा आवाज डाव्या भिंतीकडच्या स्पीकरमधून येत होता. लग्नाच्या फिल्मला करतो तसाच मी सगळा आवाज डाव्या-उजव्या दोन ट्रॅकवर मिसळला होता. मधोमध बसलेल्यांना काही जाणवलं नाही, पण कडेला बसलेल्या साठ-सत्तर माणसांना गाणं आणि गाणारी बाई वेगवेगळ्या ठिकाणी मिळाली. दुसऱ्या दिवशीपासून मी हे काम पुन्हा शिकायला घेतलं. त्यातलं जे हाताला लागलं ते इथे सांगतो.

मी जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याचा. वीसेक वर्षं लग्नांचं शूटिंग करतोय. वडील गावातल्या हौशी मंडळात तबला वाजवायचे, त्यामुळे लहानपणी झोप लागायची ती पायपेटीच्या म्हणजे ऑर्गनच्या आवाजावर. बालगंधर्वांचं बालपणीचं काही शिक्षण जळगावात झालं आणि तिथल्या खुल्या नाट्यगृहाला त्यांचं नाव आहे, हे आमच्याकडे प्रत्येक गाणाऱ्याला तोंडपाठ असतं. पण आज संगीत नाटकाचा प्रयोग आला तर जळगावात किंवा धुळ्यात. ऑर्गन, तबला, पंचवीस माणसं आणि नेपथ्याचा ट्रक घेऊन शहादा, यावल, पारोळ्याला कोण येणार? सिनेमाचं थिएटर मात्र बऱ्याच तालुक्यांना अजून आहे आणि सकाळी ते रिकामं असतं. म्हणून प्रयोग चांगला टिपायचा आणि पडद्यावर न्यायचा.

नाटकाचा चित्रपट करणं हा वेगळा रस्ता. 'कट्यार काळजात घुसली' १९६७ साली रंगभूमीवर आलं आणि २०१५ साली त्याचा चित्रपट झाला. त्यात कॅमेरा रंगमंच सोडून बाहेर पडला, पदांची निवड नव्याने झाली, नवी गाणी आली. त्याला पैसाही तसाच लागतो. आपण बोलतोय ते रंगमंचावरचा प्रयोग प्रयोगच ठेवून टिपण्याबद्दल. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेराने डिसेंबर २००६ पासून आणि लंडनच्या नॅशनल थिएटरने २००९ पासून आपले प्रयोग सिनेमाच्या थिएटरांमध्ये दाखवायला सुरुवात केली. 'हॅमिल्टन' ही ब्रॉडवेची संगीतिका जून २०१६ मध्ये टिपली, तेव्हा प्रेक्षकांसमोरचे प्रयोग घेतलेच, शिवाय प्रेक्षक नसताना काही गाणी कॅमेरा जवळ नेऊन पुन्हा घेतली. ही दुसरी गोष्ट मी तशीच उचलली आणि तुम्हीही उचला. आधी भरल्या प्रेक्षागृहातला प्रयोग पूर्ण टिपा. दुसऱ्या दिवशी त्याच वेषात, त्याच प्रकाशात, निवडक पदं आणि दोन-तीन प्रवेश जवळून घ्या. भरल्या प्रयोगात कॅमेरामन रंगमंचावर चढला तर पैसे देऊन आलेल्या प्रेक्षकाचा तो अपमान आहे.

कॅमेऱ्याला हात लावण्याआधी कागद पुरे करा. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'सौभद्र' १८८२ सालचं. किर्लोस्कर, देवल, खाडिलकर यांची नाटकं आता सर्वांसाठी खुली आहेत, कारण लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो आणि यांतले शेवटचे खाडिलकर १९४८ साली गेले. मात्र 'कट्यार'चे लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर १९९९ साली गेले, म्हणजे तिथे वारसांची लेखी परवानगी हवीच. चाली कुणाच्या हेही वेगळं पाहा, कारण जुन्या नाटकाला नंतरच्या माणसाने नवी चाल दिलेली असते. गाणारे, नट, ऑर्गनवाला, तबलजी या प्रत्येकाची सही घ्या. कलाकाराच्या संमतीशिवाय त्याची कला टिपून तिकीट लावून दाखवता येत नाही. आणि एक गोष्ट हौशी मंडळं हमखास विसरतात. नाटकाला रंगभूमी प्रयोग परीनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र असतं, पण थिएटरात जाहीर खेळ लावायला ते चालत नाही. तिथे चित्रपटाचं सेन्सॉर प्रमाणपत्र वेगळं काढावं लागतं. त्याला वेळ लागतो, म्हणून खेळाची तारीख आधी जाहीर करू नका.

आता आवाज. माझं निम्मं लक्ष आणि निम्म्याहून जास्त खर्च इथे जातो.

नाट्यगृहाच्या मिक्सरमधून निघणारी एक वायर घेऊन समाधान मानू नका. तो मिक्स त्या दालनासाठी असतो. पायपेटी तिथे आपल्या जोरावर ऐकू येते म्हणून मिक्सरवर ती जवळजवळ नसतेच, आणि मग पडद्यावर गायिका एकटी पडते. प्रत्येक गाणाऱ्याला, पायपेटीला, तबल्याच्या दोन्ही अंगांना आणि तंबोऱ्याला वेगळा ट्रॅक द्या. प्रेक्षकांकडे तोंड करून दोन माइक वर टांगा, ते फक्त टाळ्या आणि वन्समोअरसाठी. हे दोन माइक नसतील तर प्रयोग मेल्यासारखा वाटतो.

अंगावरचा छोटा माइक छातीशी लावू नका. ठुशी आणि मोहनमाळ त्यावर वाजतात, आणि मान वळली की सूर पडतो. कपाळाच्या वर, केस सुरू होतात तिथे लावा. पुरुषांना पगडीच्या कडेला. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ वर जातो आणि दिव्यांखाली घाम धारेने उतरतो. दुसऱ्या अंकात रुक्मिणीचा आवाज एकाएकी विहिरीतून आल्यासारखा झाला. माइकच्या तोंडावर घामाचा एक थेंब बसला होता, बस, तेवढाच. तेव्हापासून मी माइकच्या वर औषधाच्या दुकानातल्या चिकटपट्टीची छोटी पाळ करतो, म्हणजे घाम बाजूने ओघळतो, आणि मुख्य गायिकेला दुसरा माइक लावूनच ठेवतो. रेकॉर्डिंगची पातळी सावकाश पदावर लावू नका. गायिकेला तिची सगळ्यात चढी तान घ्यायला सांगा आणि त्याच्याही वर जागा मोकळी ठेवा. ऐन तानेत आवाज फाटला तर तो कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही.

कॅमेरे चार पुरतात. एक प्रेक्षागृहाच्या मध्यावर, पूर्ण रंगमंच धरून, शेवटपर्यंत न हलणारा. दोन बाजूंना दोन. चौथा वादकांवर. हा चौथा अनेकांना चैनीचा वाटतो, पण गायिका सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, गाठते तेव्हा तबलजीच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते आमच्या चोपड्याच्या प्रेक्षकाने पहिल्यांदा पाहिलं ते पडद्यावरच. काही कॅमेरे अर्ध्या तासाला आपोआप थांबतात. हे आधी तपासा, नाहीतर नेमकं पद हुकतं. वीज आपल्याकडे ५० हर्ट्झची, म्हणून शटर १/५० ठेवा आणि रंगमंचावरचा प्रत्येक एलईडी दिवा आदल्या दिवशी कॅमेऱ्यातून पाहून घ्या. डोळ्याला न दिसणारी लुकलुक पडद्यावर पट्ट्या होऊन सरकते.

सेकंदाला २४ फ्रेमवरच शूट करा. लग्नाच्या सवयीने मी २५ वर केलं होतं. थिएटरचा ठरलेला वेग २४ चा, म्हणून लॅबमध्ये कुणीतरी तेच चित्र २४ ला संथ करून दिलं. चित्रात फरक कळेना, पण पेटीच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये जेवढं अंतर असतं त्याच्या जवळपास पाऊण भागाने सूर उतरला. काळी एकचं गाणं काळी एकवर राहिलं नाही आणि पांढरी एकलाही पोचलं नाही. आमच्या पायपेटीवाल्या काकांनी पहिल्या आलापीला डोळे मिटले आणि अख्खं पद तसेच बसून राहिले. पुढे एक शब्द बोलले नाहीत. मी तो खेळ लावलाच नाही.

संकलनाला माझा एकच नियम: कट समेवर. तान चालू असताना चित्र बदललं की ऐकणाऱ्याचा श्वास तुटतो. चित्रपटाची सवय असलेली मुलं दर तीन सेकंदांनी कट मारतात. त्यांना तालाची वही द्या आणि मात्रा मोजायला बसवा. पदात चेहरा जवळून दाखवा, पण हात कापू नका, कारण गाणारा माणूस हाताने सूर लावतो. वन्समोअर प्रत्यक्ष मिळाला असेल तर ठेवा, न मिळालेला जोडू नका.

मिसळताना बोलणं आणि गाणं मधल्या चॅनेलवर म्हणजे पडद्यामागच्या मधल्या स्पीकरवर टाका. त्या आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर हेच. पायपेटी आणि तबला डावी-उजवीकडे हलके पसरवा, टाळ्या मागच्या स्पीकरवर, त्याही जपून.

थिएटरला पेन ड्राइव्हवरची व्हिडिओ फाइल चालत नाही, डीसीपी म्हणजे डिजिटल सिनेमा पॅकेज लागते. डीसीपी-ओ-मॅटिक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते घरच्या संगणकावर डीसीपी बनवून देतं. अडीच तासांच्या नाटकाला एक रात्र लागू शकते आणि शंभर-सव्वाशे जीबी जागा. प्रत्येक अंकाची डीसीपी वेगळी करा. एकाच तुकड्यात दिली तर ऑपरेटर मध्यंतर आपल्या घड्याळाने करतो. एका गावात सुभद्रेचं पद चालू असताना दिवे लागले आणि समोशाची ट्रे आत आली.

हीच पद्धत आमच्या खानदेशातल्या वही गायन या लोकगायनाला आणि यात्रेतल्या तमाशाच्या फडालाही लागू पडते. तिथे जनरेटर दूर ठेवायला लावा आणि ढोलकीला दोन माइक द्या. ते टिपणं फार निकडीचं आहे, त्यावर सवडीने वेगळं लिहीन.

खेळ रविवारी सकाळी नऊचा ठेवा. आदल्या दिवशी रिकाम्या थिएटरात पहिला अंक पूर्ण लावून मधे, मागे आणि कडेला बसून ऐका. दारात पदांची पुस्तिका ठेवा. जुन्या मंडळींना ती हातात हवी असते आणि पूर्वी ती नाटकाच्या दाराशी विकतच मिळायची. पडद्यावर पदाचे शब्द टाकू नका, नजर खाली अडकते. नांदी सुरू होण्याआधी दिवे पूर्ण घालवा आणि दार लावून घ्या.

आणि ऑपरेटरला एक कागद द्या. त्यावर प्रत्येक गाजलेलं पद कोणत्या मिनिटाला, कोणत्या सेकंदाला सुरू होतं ते मोठ्या अक्षरात लिहा. आमच्या चौथ्या खेळाला मागच्या रांगेतून "वन्समोअर" आला, मग दुसरा, मग सगळं थिएटर. पडद्यातली गायिका काय करणार? मी धावत केबिनमध्ये गेलो, ऑपरेटरने कागदावर बोट ठेवलं, वेळ टाकली आणि पायपेटीचा पहिला सूर पुन्हा वाजला.