जुन्या ट्रॅक्टरला चाऱ्याची ट्रॉली जोडण्याआधी काय मोजायचं

गंजी रानातून गोठ्यापाशी आणायची असो की भुसाच्या गाठी गावोगाव पोचवायच्या असोत, जुना ट्रॅक्टर घरात असला की पहिला प्रश्न ठरलेला: “पस्तीस एचपीला ट्रॉली ओढेल का?” ओढेल. पण ट्रॅक्टर ती थांबवू शकेल का, वळणावर सांभाळेल का, ट्रॉली उलटी करताना लिफ्टचं, म्हणजे हायड्रॉलिकचं, तेल पुरेल का, हे तीन प्रश्न एचपीच्या आधी विचारायला हवेत. जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन बहुतेक वेळा टिकलेलं असतं. झिजलेले असतात ब्रेक, लिफ्टचा पंप आणि हुकाची पिन.

एक उदाहरण घेऊन हिशेब करू. ट्रॅक्टर ३५ एचपीचा, वजन १,८०० किलो. दोन चाकी हायड्रॉलिक ट्रॉली, रिकामी १,३०० किलो. त्यात छोट्या चौकोनी गाठी १२०, प्रत्येकी १६ किलो, म्हणजे १,९२० किलो. सगळं मिळून ५ टन.

सपाट डांबरी रस्त्यावर चाकं फिरत ठेवायला एकूण वजनाच्या साधारण ३ टक्के जोर लागतो, म्हणजे १५० किलो. ताशी २० किलोमीटरला हे ११ एचपीचं काम झालं. १० फुटांना १ फूट चढ असलेल्या कच्च्या वाटेवर हाच जोर ७५० किलोपर्यंत जातो, पण तिथे वेग ५ किलोमीटरचा असतो, म्हणून एचपी लागतो १४. दोन्हीकडे इंजिनात ताकद शिल्लक आहे. कमी पडते ती मागच्या टायरची पकड. मागच्या चाकांवर ट्रॅक्टरचा आणि ट्रॉलीच्या दांडीचा मिळून सुमारे १,६०० किलो भार येतो. सुक्या मातीत त्याच्या निम्मी पकड धरा, म्हणजे ८०० किलो, जेमतेम पुरेशी. ओल्या काळ्या रानात ती पाव होते, म्हणजे ४००. चाक जागेवर फिरायला लागतं आणि लोक म्हणतात ट्रॅक्टर कमी पडला.

वजनकाट्यावर तीन मोजमापं

अंदाजावर जाऊ नका. जवळच्या वजनकाट्यावर अर्ध्या तासात सगळं कळतं.

आधी नुसता ट्रॅक्टर चढवा. मग भरलेली ट्रॉली जोडून फक्त ट्रॅक्टर काट्यावर आणि ट्रॉलीची चाकं काट्याबाहेर अशी उभी करा. दोन्ही वजनांतला फरक म्हणजे हुकावर येणारा भार. दोन चाकी ट्रॉलीत तो ट्रॉली अधिक माल यांच्या १० ते १५ टक्के असावा. आपल्या उदाहरणात ३५० किलो, हे चांगलं. तिसऱ्यांदा, ट्रॉली जोडलेली असतानाच फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या. तिथे ट्रॅक्टरच्या वजनाच्या किमान २० टक्के, म्हणजे ३६० किलो दिसायलाच हवेत. त्याहून कमी असेल तर स्टेअरिंग हलकं लागेल आणि चढावर पुढची चाकं जमीन सोडतील.

हुकावरचा भार ८०० किलोवर गेला तर पुढच्या चाकांवरून ३०० किलो निघून जातात, कारण हुक मागच्या एक्सलच्याही मागे असतो. असं होतं ते माल ट्रॉलीच्या पुढच्या फळीकडे रेटून भरल्याने. उलट माल मागे जास्त झाला तर दांडी वर उचलते, मागच्या चाकांचा भार कमी होतो, आणि ओढायची व थांबवायची पकड एकदमच जाते. ही दुसरी चूक जास्त धोक्याची, कारण सपाटीवर ती जाणवत नाही, उतारावरच कळते.

पुढे भार कमी पडत असेल तर बंपरवर लोखंडी वजनं लावा. मागे पकड हवी असेल तर टायरमध्ये पाणी भरा: वॉल्व्ह वर ठेवून वॉल्व्हच्या पातळीपर्यंत, म्हणजे टायरच्या पाऊण भागात. १२.४-२८ च्या टायरमध्ये साधारण १४० लिटर मावतं, दोन्ही मिळून २८० किलो. वाहतुकीला मागच्या टायरमध्ये १६ ते १८ पौंड हवा ठेवा, पण टायरवर छापलेल्या मर्यादेच्या वर जाऊ नका.

सुका चारा उंचीने, ओला वजनाने

३६ बाय ४६ सेंटिमीटर तोंडाची आणि ८० सेंटिमीटर लांब गाठ ०.१३ घनमीटर जागा घेते. १० बाय ६ फुटांच्या ट्रॉलीत १२० गाठी रचल्या की ढीग ट्रॉलीच्या तळापासून जवळपास ९ फूट वर जातो, आणि वजन फक्त दोन टन. म्हणजे सुक्या चाऱ्यात वजनाची मर्यादा येण्याआधीच उंचीची येते. सुट्या कडब्याच्या पेंढ्यांचं तर आणखीच तसं. पेंढीचं वजन गावोगाव आणि वाणागणिक बदलतं, तेव्हा १० पेंढ्या ताणकाट्यावर लावून सरासरी काढा.

ओल्या वैरणीत हेच उलटं होतं. ओल्या मक्याची कुट्टी घनमीटरला ३०० किलोच्या आसपास भरते. गाठींनी व्यापलेल्या त्याच १६ घनमीटर जागेत ती भरली तर ४,८०० किलो होतील. ३५ एचपीच्या जुन्या ट्रॅक्टरला फळीच्या वर कुट्टी भरूच नका. उसाचे वाढे, हत्ती गवत यांनाही हाच नियम.

उंच भरलेली ट्रॉली वळणावर का कलंडते, तेही आकड्यात बघा. १० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी २० किलोमीटरने गेलात तर वजनाच्या ३१ टक्के जोर बाहेरच्या बाजूला ढकलतो. दोन चाकांत १.६ मीटर अंतर असलेली, वर साडेतीन मीटर कडबा रचलेली ट्रॉली कागदावर ४२ टक्क्यांपर्यंत टिकते. पण कडबा डोलतो, टायर दबतात, रस्त्याला उतार असतो. सगळं धरून तीसच्या आसपास ती गेलीच. वेग १० वर आणलात की हा जोर चौथा हिस्सा, म्हणजे ८ टक्के होतो. वळणाआधी वेग निम्मा करा, वळणात शिरल्यावर ब्रेक मारू नका.

गाठी रचताना एक थर उभा, पुढचा आडवा, भिंतीतल्या विटांसारखे सांधे मोडून. दर थराच्या कडेच्या गाठी किंचित आत कललेल्या असाव्यात. दोर दोन ठिकाणी आडवा आणि एक लांबीने. पहिल्या अर्ध्या किलोमीटरनंतर थांबून दोर पुन्हा आवळा, चारा बसला की दोर हमखास सैल पडतो.

ब्रेक

बहुतेक साध्या ट्रॉलीला ब्रेक नसतात. ५ टन थांबवायचे ते ट्रॅक्टरच्या दोन मागच्या चाकांनी. पकड ८०० किलो धरली तर सुक्या सपाट रस्त्यावर ताशी २० ला ब्रेक लागल्यावर गाडी १० मीटर जाते, २५ ला १५ मीटर. पाय ब्रेकवर पोचेपर्यंतचे पाच-सात मीटर वेगळे. १० ला १ उतारावर २० च्या वेगाला हेच अंतर २६ मीटर होतं. पावसाने चिखल पसरलेल्या डांबरावर पकड निम्मी झाली की त्याच उतारावर थांबण्याची खात्री उरत नाही. म्हणून अशा दिवशी भार निम्मा करा, नाहीतर फेरी पुढे ढकला.

ट्रॉली जोडण्याआधी एवढं बघा. दोन्ही ब्रेक पेडल जोडणारी पट्टी जागेवर आहे का? रस्त्यावर ती लागलेलीच हवी. एकच पेडल दाबलं गेलं तर भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला फिरवून टाकते. दोन्ही पेडलांची मोकळी चाल सारखी हवी. मोकळ्या जागेत रिकाम्या ट्रॅक्टरला जोरात ब्रेक मारा. मातीवर दोन्ही चाकांचे ओरखडे सारख्या लांबीचे उमटले तर ब्रेक बरोबर आहेत. एक आखूड असेल तर त्या बाजूच्या ड्रममध्ये तेल उतरलं असण्याची शक्यता मोठी. सुक्या, म्हणजे तेलात न बुडणाऱ्या, ब्रेकच्या जुन्या ट्रॅक्टरांत एक्सलचं सील गेलं की हे होतं. नुसती चाल आवळून ते बरं होत नाही. सील बदला, लायनरही बदला, कारण तेल प्यालेला लायनर पुन्हा धरत नाही.

उतार ज्या गिअरने चढाल त्याच गिअरने उतरा. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करू नका आणि उतारावर क्लच दाबू नका. सुटलेला वेग सुके ब्रेक परत आणू शकत नाहीत, ते तापतात आणि धरायचं सोडतात.

क्लचही तपासा: वरच्या गिअरमध्ये, ब्रेक घट्ट दाबून, क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडलं पाहिजे. चालूच राहिलं तर प्लेट घसरते आहे, भरलेल्या ट्रॉलीने ती चढावर जळेल.

हुक आणि पिन

ट्रॉली नेहमी खालच्या हुकालाच. टॉप लिंकच्या, म्हणजे लिफ्टच्या वरच्या मधल्या दांड्याच्या, ब्रॅकेटला कधीही नाही. ओढ जितक्या वरून, तितकी पुढची चाकं उचलण्याची ताकद जास्त. तिथून ओढताना ट्रॅक्टर मागे उलटायला चढावरचा एक झटका पुरे. लिफ्टच्या खालच्या दोन हातांत भोकांची पट्टी लावून ओढत असाल तर ती स्टे (आधाराचे दांडे) लावून पक्की करा, म्हणजे हात चुकून वर जाणार नाहीत.

पिन पूर्ण लांबीची, डोक्याची आणि खाली लॉक असलेली हवी. सळईचा तुकडा चालणार नाही. पिन आणि ट्रॉलीच्या कडीत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त खेळ झाला तर पिन बदला, कडीला बुश घाला. नाहीतर प्रत्येक ब्रेकला बसणारा ठोका हुकाच्या बोल्टांवर जातो आणि हाउसिंगला, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या गिअरपेटीला, तडा पडतो. त्या दुरुस्तीला पूर्ण ट्रॅक्टर मधोमध खोलावा लागतो. पिनेखेरीज एक साखळी दांडीपासून ट्रॅक्टरला असू द्या.

लिफ्टचं तेल

जुन्या ट्रॅक्टरचं आणि हायड्रॉलिक ट्रॉलीचं बिनसतं ते बहुतेक इथे. ट्रॉलीच्या जॅकमध्ये किती तेल मावतं ते काढा: व्यास सेंटिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले ०.७८५, गुणिले चाल सेंटिमीटरमध्ये, भागिले १,०००. व्यास ९ आणि चाल ११० असेल तर ७ लिटर. टेलिस्कोपिक, म्हणजे एकातून एक नळी निघणारा, जॅक असेल तर प्रत्येक टप्प्याचं वेगळं काढून बेरीज करा.

हे ७ लिटर ट्रॅक्टरच्या हाउसिंगमधून निघतात. पातळी आधीच खाली असेल तर शेवटच्या टप्प्यात पंप हवा ओढतो, तेलाला फेस येतो, ट्रॉली थरथरत उठते. म्हणून जॅक पूर्ण उघडा असताना डिपस्टिक बघा, तेल खालच्या खुणेच्या वर हवं. पण तेवढ्यासाठी जॅक मिटलेला असताना वरच्या खुणेच्या पार तेल भरून ठेवलंत तर ते एक्सलच्या सीलवर दाब टाकतं आणि ब्रेकच्या ड्रममध्ये उतरतं. लिफ्टची दुरुस्ती करता करता ब्रेक घालवायचा हा सरळ रस्ता. दोन्ही खुणांत बसत नसेल तर लहान जॅकची ट्रॉली घ्या.

मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या ३५ आणि १०३५ च्या घराण्यात लिफ्टचा पंप पीटीओच्या (अवजारं चालवायला मागे फिरणाऱ्या) दांड्यावर चालतो. पीटीओ लावल्याशिवाय ट्रॉली उठणार नाही. सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरात तर क्लच दाबला की उठणं थांबतं. हा बिघाड नव्हे.

एका पाइपचा जॅक साध्या लिफ्टवर चालतो, तेल त्याच वाटेने परत येतं. दोन पाइपांच्या जॅकला वेगळा डिस्ट्रीब्युटर (तेल दोन्ही पाइपांत वळवणारा वॉल्व्ह) लागतो. लिफ्ट किंवा ट्रॉली, एका वेळी एकालाच तेल जाईल असा सिलेक्टर वॉल्व्ह बसवा. ट्रॉली उचलत नाही म्हणून रिलीफ वॉल्व्हच्या (जादा दाब सोडून देणाऱ्या वॉल्व्हच्या) स्प्रिंगखाली वॉशर घालू नका. दाब वाढला की आधी जुना होज फुटतो किंवा पंप बसतो. होजला बारीक भोक असेल तर हात फिरवून शोधू नका, दाबातलं तेल कातडीत शिरतं. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा.

भाड्याची किंवा भावकीत फिरणारी ट्रॉली असेल तर तिच्या जॅकमध्ये दुसऱ्याच्या ट्रॅक्टरचं, बहुधा काळं पडलेलं तेल असतं. जोडण्याआधी ट्रॉली खाली असताना ते बादलीत काढून टाका, कपलिंग डिझेलने पुसा. एवढं न केल्याने चांगले पंप गेले आहेत.

चारा उलटताना जमीन सपाट हवी आणि ट्रॉली ट्रॅक्टरच्या सरळ रेषेत. कडबा पुढच्या फळीला अडकून राहतो आणि एकदम सुटतो, त्या क्षणी दांडी वर झटका देते. पिनेचं लॉक इथेच कामाला येतं. उचललेल्या ट्रॉलीखाली डोकं घालायचं असेल तर आधी लाकडी ओंडका टेकवा.

आग

सायलेन्सरला भोक असेल तर आधी वेल्डिंग करा, वरच्या टोकाला ठिणगी अडवणारी जाळी बसवा, आणि रचलेला चारा सायलेन्सरच्या दिशेने पुढे झुकू देऊ नका. बॅटरीच्या सोललेल्या वायरी टेपने नाही, नळी घालून झाका. शेतवाटेवरच्या वीजतारा भरण्याआधी चालत जाऊन बघा. जिथे तार झोळ खाल्लेली दिसते तिथे ढिगाची उंची कमी करा, नाहीतर वाट बदला. ढिगावर माणूस बसवून काठीने तार वर करवून घेऊ नका.

पहिली फेरी रिकाम्या ट्रॉलीची, दुसरी निम्म्या मालाची. निम्म्या मालावर ट्रॉली अर्धी उचला, इंजिन बंद करा आणि जॅकवर खडूने खूण करा. १० मिनिटांत खूण बोटभर सरकली तर कुठेतरी गळती आहे, ती सापडेपर्यंत पूर्ण भरू नका. दुसऱ्या फेरीनंतर ट्रॉलीच्या चाकांचे नट पुन्हा आवळा आणि हबला हात लावून बघा. एक हब दुसऱ्यापेक्षा जास्त तापला असेल तर त्याच्या बेअरिंगला ग्रीस नसण्याची शक्यता मोठी.